उठण्याचे अकरा फूट

१

सकाळी साडेनऊला कात्री कटिंग रूमचं कुलूप काढायची, पंखा लावायची, खिडकीचा काळा पडदा टोकापर्यंत ओढलाय ना ते बघायची, हातात पांढरे सुती मोजे चढवायची आणि मगच दिवसाचा पहिला डबा उघडायची. बत्तीस वर्षांत हा क्रम मोडला नव्हता. कात्री हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. ती चित्रपटांची संकलक होती. दिग्दर्शकाचा ज्या तुकड्यावर जीव जडलेला असतो तोच नेमका कापून टाकायचा, हा तिचा धंदा. त्यामुळे निम्मे दिग्दर्शक तिला वचकून असत आणि निम्मे रुसून. जीभही नावाला शोभेल अशीच होती. लग्न का केलं नाहीस असं कोणी विचारलंच तर ती म्हणायची, "केलं असतं, पण जो तो मला दोन फूट जास्तच वाटायचा."

त्या मंगळवारी तिनं मोजे चढवले आणि दारावर टकटक झाली. अप्पांची लेक आली होती. डोळे सुजलेले, हातात पिशवी, पिशवीत लोकरीचा गुंडा आणि दोन सुया.

"मावशी, बाबा ऐकत नाहीत," ती स्टुलावर टेकत म्हणाली. "पोटातली गाठ काढायचीय. शुक्रवारी दवाखान्यात भरती व्हायचं ठरलंय. आता म्हणतात, आधी माझी सगळी उठणी एकदा दाखवा, मग काय कापायचं ते कापा."

"सगळी?"

"एक्केचाळीस. एकही कमी असलं तर जाणार नाही म्हणतात. आणि डॉक्टर म्हणाले, हा आठवडा गेला तर मग हात लावण्यात अर्थ नाही."

कात्रीनं मोजे काढले, पुन्हा घातले. "गुरुवारी दुपारी घेऊन ये त्यांना. खालची प्रिव्ह्यूची खोली मोकळी करून ठेवते," ती म्हणाली.

लेक गेली. कात्रीनं वळून कपाटाकडे पाहिलं. एक्केचाळीस मरणांची उठणी ज्या डब्यात ठेवलेली होती तो डबा तिच्याच कपाटात होता आणि त्यात चाळीसच होती. हे जगात आपल्याला एकटीलाच ठाऊक आहे, असं तिला वाटत होतं.

२

अप्पा पडद्यावर मरत. तोच त्यांचा लौकिक.

तरुणपणी ते कापडाच्या दुकानात होते. एकदा स्टुडिओत पडद्याचं कापड पोचवायला आले, तेव्हा गोळी खाऊन पडणारा माणूस आलाच नव्हता आणि दिग्दर्शक स्वतःचे केस उपटत होता. समोर हा उंच, सडसडीत मुलगा कापडाचा तागा घेऊन उभा. "पडशील का रे?" दिग्दर्शकानं विचारलं. "पडतो की," मुलगा म्हणाला, "उठायचं कधी तेवढं सांगा."

तो असा पडला की थिएटरात लोकांचे श्वास अडकले. मग काय, ज्याला त्याला अप्पाच हवे. ते गोळीनं मेले, तापानं मेले, बुडाले, जळाले, एकदा तर नुसत्या अपमानानं मेले. नायक जगायचा आणि नायिका त्याला मिळायची, पण लोक रुमाल काढायचे ते अप्पांसाठी. पोस्टातला कारकून त्यांना तिकिटं देताना म्हणायचा, "परवाच तुम्हाला पोचवून आलो, आज पत्र कोणाला?" एका चित्रपटात त्यांना शेवटपर्यंत जिवंत ठेवलं, तो साफ आपटला. लोक म्हणे खुर्चीत बसून वाट बघत होते, हा मरतो कधी.

त्यांच्या आईला मात्र यातलं काही सोसेना. पहिलाच चित्रपट बघून ती घरी आली, लेकाचं मनगट धरून बसली ते सोडायलाच तयार नाही. "पडलेला दाखवता," ती म्हणाली, "मग उठलेला का नाही दाखवत?"

तेव्हापासून रीत पडली. अप्पांच्या मरणाचा शॉट झाला तरी कॅमेरा थांबवायचा नाही. दिग्दर्शकानं मोठ्यानं म्हणायचं, "उठा अप्पा." मग अप्पांनी उठायचं, कपडे झटकायचे आणि कॅमेऱ्यात बघून हसायचं. चांगली दहा-बारा फूट फिल्म. चित्रपट बाहेर पडण्याआधी हे एवढंच आईला स्टुडिओत बोलावून दाखवायचे. "उठा" ऐकल्याशिवाय अप्पा हलत नसत, मग मुंग्या चावोत की वरून दिवा कोसळो. एकदा एक नवा दिग्दर्शक विसरला तर ते चहा थंड होईपर्यंत तसेच पडून राहिले.

हे तुकडे मुके असत, कारण तोवर आवाजाचं यंत्र बंद केलेलं असायचं. चित्रपटात त्यांचं काही काम नव्हतं, पण कचऱ्यात टाकायला हात धजेना, म्हणून कात्रीच्या आधीच्या मास्तरांनी ते एका डब्यात जमवायला घेतले. प्रत्येक गुंडाळीला दोरा आणि दोऱ्याला आकड्याची चिठ्ठी. मास्तर गेल्यावर डबा कात्रीकडे आला.

३

सतरावा चित्रपट जिन्याचा. अप्पा जिन्यावरून गडगडत येतात आणि शेवटच्या पायरीशी मरतात. कात्रीला नोकरीला लागून तेव्हा तीनच वर्षं झाली होती. शॉटची लांबी टिपून घ्यायला ती सेटवर हजर होती. अप्पा पडले, डोळे मिटले आणि त्याच क्षणाला कॅमेऱ्यातली फिल्म संपली.

दुसरी फिल्म भरायला वेळ नव्हता. दिग्दर्शकाला कुठे तरी जायचं होतं, कॅमेरावाला दमलेला होता. "राहू दे एक दिवस," असं म्हणत सगळे आवरायला लागले. दिवे एकेक करून विझले. "उठा" कोणी म्हटलंच नाही. कात्री वही मिटून निघाली तेव्हा अप्पा अजून पायरीशी पडलेले होते. आता उठतील, तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे वेळेवर कामावर आले, तेव्हा तिनं तो विषय मनातून काढून टाकला.

आठवड्यानं आई आली. नुकतीच दुखण्यातून उठलेली, दोघांनी धरून आणलेली. उठणं नाहीच म्हणून सांगायची दिग्दर्शकाची छाती होईना. तेव्हा कात्रीनं जे केलं ते तिच्या धंद्यातल्या माणसालाच सुचावं. तिनं सोळाव्या चित्रपटाचं उठणं काढलं, त्याचीच आणखी एक प्रत काढून घेतली आणि सतराव्याच्या मरणापुढे जोडून दिली. दोन्हीकडे पांढरा सदरा, मागे साधी भिंत. अप्पा उठतात, डावा गुडघा झटकतात, कॉलरला हात लावतात, हसतात. अकरा फूट. जोड कोणाच्या बापाला कळला नसता.

"उठला गं बाई माझा," आई म्हणाली आणि तिनं कात्रीच्या गालाला हात लावला. मागे उभ्या असलेल्या अप्पांनी कात्रीकडे एकदा नीट पाहिलं. आई पुढे वर्षभरानं गेली. तरी अप्पांनी रीत सोडली नाही.

४

तर मंगळवारी दुपारी कात्रीनं डबा खाली घेतला. मनाशी तिचा निर्णय झालेला होता: एकदा चाललेलं नाणं दुसऱ्यांदाही चालेल. सतराव्या जागी तीच उसनी प्रत लावायची आणि अप्पांना दवाखान्यात धाडायचं.

सतराची चिठ्ठी सापडली. पण तिच्या दोऱ्यात दोन गुंडाळ्या होत्या.

एक ओळखीची. दुसरीच्या कडा कोऱ्या करकरीत, जणू कालच धुऊन वाळवलेली. कात्रीनं ती मुव्हिओलावर चढवली. मुव्हिओला म्हणजे फिल्म हवी तशी पुढे-मागे फिरवून छोट्या काचेत बघायचं यंत्र. पायानं कळ दाबली की खडखडायला लागतं.

काचेत जिना दिसला. शेवटच्या पायरीशी पांढऱ्या सदऱ्यातले अप्पा, तिशीतले. उजवा हात बाजूला पसरलेला, तळवा वर. पडले आहेत ते पडलेच आहेत. आधी तिला वाटलं, एकच चित्र अकरा फूट छापलंय. पण वरच्या खिडकीचा पडदा हलत होता. म्हणजे वेळ चालली होती. छाती मात्र हलत नव्हती.

हे चित्रीकरण झालंच नव्हतं. ती स्वतः तिथे होती. कॅमेऱ्याचा तो रिकामा फटफट आवाज तिनं कानांनी ऐकला होता.

कात्री काही अंधारात दोरीला साप म्हणणाऱ्यांतली नव्हती. तिनं विचार केला: कॅमेरावाल्याला मागून वाईट वाटलं असेल, परत येऊन त्यानं दुसरी फिल्म भरली असेल, मास्तरांनी डब्यात टाकली असेल. दोघंही आता विचारायला राहिलेले नव्हते, त्यामुळे हे उत्तर खोडून काढणारंही कोणी नव्हतं. मग इतकी वर्षं हा डबा मी उघडतेय, तेव्हा ही का दिसली नाही? तिनं सवयीनं पांढऱ्या मेणाच्या पेन्सिलीनं मधल्या एका फ्रेमवर, त्या वर केलेल्या तळव्याशेजारी, बारीक फुली मारली आणि गुंडाळी बाजूला ठेवली.

५

बुधवारी ती जोडणीला बसली. कडा खरवडायच्या, फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा थेंब, दाबायचं, पुढचा तुकडा. पहिल्या उठण्यात अप्पा पोरसवदा होते, हसताना ओशाळत. पाचव्यात मिशी आली. बाराव्यात लग्न झालेलं, बोटात अंगठी. एका माणसाचं सगळं आयुष्य, पण त्यात तो दर वेळी नुकताच मेलेला. कात्रीला पहिल्यांदाच ते बघताना कसंसं झालं.

सोळा संपलं. सतराची उसनी प्रत हातात घेतली तेव्हा ती दुसरी गुंडाळी एकदा बघावी, असा मोह तिला आवरेना.

जिना. पायरी. पडदा हलतोय. तिची पांढरी फुली आली आणि तिनं यंत्र थांबवलं. फुली जागच्या जागी होती. तिच्याशेजारचा तळवा जमिनीला टेकलेला होता.

तिनं फ्रेम दिव्यासमोर धरली, भिंगातून पाहिली. फुलीचं मेण नखाला लागत होतं, म्हणजे फुली तिचीच. चार बोटं फरशीवर रोवलेली होती, उठायला आधार घ्यावा तशी.

काल मी उलटं पाहिलं असेल, असं ती मोठ्यानं म्हणाली. कटिंग रूममध्ये मोठ्यानं बोलायची तिला सवय नव्हती. आवाज भिंतींना लागून परत आला आणि तो ऐकून ती उठून दारापाशी जाऊन उभी राहिली.

फोन वाजला. लेक होती.

"मावशी, उद्या नक्की ना? बाबांचा उजवा हात सकाळपासून उचलत नाहीये. मीच भरवलं. डॉक्टर म्हणतात, अशक्तपणा असेल."

"उजवा?"

"हो. पालथा पडून राहतो नुसता. का हो?"

"काही नाही," कात्री म्हणाली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते कधी कधी, असं तिनं स्वतःला बजावलं. पण त्या दिवशी तिनं पुढचे चोवीस तुकडे दार उघडं टाकून जोडले.

६

गुरुवारी सकाळी ती यंत्राला शिवलीच नाही. गुंडाळी नुसती हातानं सोडून दिव्याच्या काचेवर धरली. तेवढंच बघायचं, असं ठरवून.

आता तोंड तिच्याकडे वळलेलं होतं. एक डोळा उघडा होता.

अप्पांचं मेल्याचं काम तिनं बत्तीस वर्षं फ्रेम-फ्रेम करून पाहिलं होतं. मेलेल्यानं डोळे मिटावेत आणि तोंडही, नाहीतर लोक दात मोजत बसतात, हे अप्पांचंच वाक्य. मेल्यावर त्यांनी डोळा कधी उघडा ठेवला नव्हता. आणि हा उघडा डोळा कुठे तरी हरवलेला नव्हता. तो कॅमेऱ्याकडे पाहत होता. कोणाच्या तरी बोलण्याची वाट पाहणाऱ्या माणसाचा असतो तसा.

पुन्हा फोन. लेक रडत होती. "बाबा पाऊण तास उठतच नव्हते, मावशी. हलवलं, पाणी मारलं. आता जागे आहेत. पण डोळे मिटायला लागले की मला भीती वाटते. आम्ही निघतोय. आजच दाखवा, उद्या कसंही करून नेते त्यांना."

कात्रीनं ती गुंडाळी जाळायचा विचार केला. जुनी फिल्म ती, काडी लावली की डोळ्यांदेखत राख. पण पायरीशी पडलेलं जे होतं ते अप्पा नव्हते, असं तिला छातीवर हात ठेवून म्हणता येईना. आणि त्याला जाळायचं म्हणजे काय करायचं? शिवाय कटिंग रूममध्ये काडी ओढायची नाही, हा मास्तरांनी शिकवलेला पहिला नियम. नियमाचा आधार मिळताच तिला बरं वाटलं. तिनं गुंडाळी एका छोट्या डब्यात घातली. तो तिथे सोडून जाववेना म्हणून पदराआड घेऊन खाली गेली.

७

अप्पा लेकीच्या खांद्यावर भार टाकून आले. अंगात राखाडी स्वेटर, उजव्या कोपराला पांढऱ्या लोकरीनं केलेलं ठळक रफू. वीस खुर्च्यांची ती खोली, आणि प्रोजेक्टर मागच्या छोट्या खिडकीत.

"काय गं कात्री," ते म्हणाले, "म्हातारी झालीस."

"तुम्ही एक्केचाळीस वेळा मेलात तरी झाला नाहीत, म्हणून मलाच व्हावं लागलं," ती म्हणाली. ते हसले. हसताना त्यांचा उजवा हात मांडीवर तसाच पडलेला होता.

तिनं दिवे मालवले आणि खिडकीमागे जाऊन प्रोजेक्टर स्वतःच चालवला. अप्पा मोठ्यानं मोजत होते. एक. दोन. लेक हळूच म्हणायची, "बाबा, किती छान दिसायचात." पंधरा. सोळा. डावा गुडघा, कॉलर, हसू. पुढे पुन्हा डावा गुडघा, कॉलर, हसू.

"थांबव," अप्पा म्हणाले.

तिनं थांबवलं.

"हे सोळाचंच आहे."

खोलीत प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज तेवढा उरला.

"तेव्हाही कळलं होतं," ते म्हणाले. "आईसाठी गप्प बसलो. तूही तिच्यासाठीच केलंस, राग नाही. पण त्या दिवशी मला कोणी उठवलं नाही, कात्री. दिवे गेले, माणसं गेली. घरी गेलो खरा. लग्न केलं, ही झाली, चोवीस वेळा आणखी मेलो. पण त्या पायरीवरून मी उठल्याचं मला आठवत नाही." त्यांनी मान वळवून खिडकीकडे पाहिलं. "तुकडा आणलायस ना? पदराखाली काय आहे?"

"अप्पा, ते बघू नका. मी बघितलं की तुमचं दुखणं वाढतंय."

"लाव."

"मावशी, लावा हो," लेक म्हणाली. "आज त्यांचं मन मोडू नका. उद्या न्यायचंय त्यांना."

काय करणार ती? तिनं चुकीचा तुकडा काढला आणि दुसरा लावला. फिल्म पहिल्या खेपेला नीट बसली.

पडद्यावर जिना आला. पायरीशी पडलेला तो आता एका कोपरावर उठलेला होता. तळवा फरशीवर रोवलेला, मान वर, दोन्ही डोळे उघडे. अर्धा उठून तसाच अडकलेला, मागे खिडकीचा पडदा हलतोय आणि हा हलत नाही. एवढ्या मोठ्या पडद्यावर त्याचं तोंड भिंतीएवढं होतं.

"म्हण आता," खालून अप्पांचा आवाज आला. अगदी बारीक.

आणि एकोणतीस वर्षं घशात अडकलेलं ते तिच्या तोंडून गेलं. "उठा अप्पा."

फिल्म सुटली. पडदा पांढरा झाला. त्या पांढऱ्यावर खालून एक सावली चढत गेली, उंच, सडसडीत, कोणाचा आधार न घेता. सावली वाकली आणि तिनं डावा गुडघा झटकला. कॉलरला हात लावला. मग अप्पा वळले आणि जिथून प्रकाश येत होता तिकडे, कात्रीच्या खिडकीकडे, बघून हसले.

कात्री सवयीनं मनात मोजत होती. अकरा फूट म्हणजे सात सेकंद आणि वर थोडं. तेवढं झालं आणि हसू थांबलं.

"बाबा," लेक म्हणाली, "बाबा, तुमचा हात." ती त्यांच्या गळ्यात पडून रडत होती. अप्पांनी त्याच उजव्या हातानं तिच्या पाठीवर थोपटलं. राहिलेली चोवीस उठणी बघायला ते थांबले नाहीत. दारातून जाताना त्यांनी कात्रीकडे पाहिलं नाही आणि निरोपाचा शब्दही बोलले नाहीत.

८

सोमवारपर्यंत कात्री त्या छोट्या डब्याकडे फिरकली नाही. सोमवारी साडेनऊला तिनं कुलूप काढलं, पंखा लावला, पडदा बघितला, मोजे चढवले आणि क्रमाच्या ओघातच तो डबा उघडला. गुंडाळी यंत्रावर चढवली नाही. सुरुवातीची हातभर फिल्म तेवढी दिव्यावर धरली.

जिना होता. पायरीशी एक हात पसरलेला होता, तळवा वर. बाही पांढऱ्या सदऱ्याची नव्हती. जाड, राखाडी होती आणि कोपरावर ठळक पांढरं रफू होतं.

चेहरा तिनं पाहिला नाही. पण ओठ पाहिल्यावाचून राहवेना. नटांच्या ओठांवर आवाज बसवण्यात तिचा जन्म गेला होता. मुका तुकडाही ती वाचत असे. पहिल्या फ्रेममध्ये ओठ मिटलेले होते. मग सुटले. पुढच्या फ्रेम-फ्रेममध्ये काय होतं ते तिला चांगलं कळलं. दोनच शब्द होते. पहिला तिचं नाव, कात्री. दुसरा, उठव.

फोन वाजला. लेकीचा आवाज इतका हलका तिनं बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता.

"मावशी, चमत्कार झालाय. गाठच सापडत नाही. डॉक्टर म्हणतात, आधीचे फोटोच चुकले असतील. जिना चढतात, स्वतःची बटणं लावतात. बोलत नाहीत अजून एकही शब्द, पण येईल म्हणतात आवाज. आणि गंमत सांगू? खुर्चीतून उठले की दर वेळी डावा गुडघा झटकतात आणि दिव्याकडे बघून हसतात. माझी आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं."

"छान झालं," कात्री म्हणाली.

"तुमच्यासाठी त्यांनी चिठ्ठी लिहून दिलीय. वाचते हं. 'तो सतराचा तुकडा जाळून टाक.' एवढंच. अक्षर बघा किती वळणदार आलंय. टाकाल ना, मावशी?"

कात्रीनं दिव्याच्या काचेकडे पाहिलं. एक शब्द म्हटला की झालं. पण तो म्हटल्यावर त्या घरातल्या खुर्चीतून कोण आडवं पडेल आणि ही पोर काय करेल, हेही तिला दिसत होतं. एकदा ती अप्पांच्या आईसाठी खोटं वागली होती.

"टाकते," ती लेकीला म्हणाली.

फोन ठेवून तिनं गुंडाळी केली, चेहरा आत येईल अशी. दोरा बांधला. काडी ओढली नाही आणि तोंडही उघडलं नाही. मग नवी चिठ्ठी घेऊन तिच्यावर बेचाळीस आकडा घातला, खाली बारीक अक्षरात 'उठणं बाकी' असं लिहिलं आणि डबा कपाटात ठेवून ती पुढच्या कामाला लागली.